मार्चअखेरची खोटी बिलं आणि ख्रिस्ती माणसाचा हात

सलाम बंधू,

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे गैरसमज राहायला नको. वाळूजच्या एका छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कारखान्यात तुम्ही साडेचार वर्षं अकाउंट्स बघता. मालकांच्या मुलाने दोन बिलं तुमच्या टेबलावर ठेवली आहेत. प्रत्येकी दोन लाखांची, वर 18 टक्के जीएसटी. माल आलेला नाही, येणारही नाही, पण "फेब्रुवारीच्या तारखेत घालून टाक" असा निरोप आहे. शिवाय एका सरकारी कार्यालयात अडलेल्या कामासाठी 15,000 रुपये द्यायचे आहेत आणि ते "स्टाफ वेल्फेअर"मध्ये दाखवायचे आहेत. गेल्या मार्चमध्ये असंच तीन लाखांचं एक बिल तुमच्या हातून चढलं, आणि तेव्हापासून प्रभुभोजनाच्या वेळी मन खातं. पाळक म्हणाले, रोमकरांस 13 वाचा, वरिष्ठांच्या अधीन राहा. प्रार्थनागटातला मित्र म्हणाला, उद्याच राजीनामा टाक, देव बघून घेईल. घराचा हप्ता 14,500 आहे, महिन्याचा एकूण खर्च 38,000. मंडळीचा हिशेबही तुम्हीच बघता. आणि शेवटी विचारलंत, "ख्रिस्ती म्हणून मी नेमकं काय करावं?"

हे चूक आहे की बरोबर, इथे तुम्ही अडलेला नाहीत. ते कळलंय म्हणून तर मन खातंय. अडलंय ते पुढे. माझ्या हाताची हद्द कुठे संपते? नाही म्हणायचं तर कधी आणि कोणत्या शब्दांत? आणि एकदा होऊन गेलं त्याचं काय? यातलं बरंचसं परिस्थितीवर आहे: कंपनी की प्रोप्रायटरी फर्म, तुमची सही चालते की फक्त युजर आयडी, घरात किती महिन्यांचा खर्च बाजूला आहे. माल न येता तो आला असं लिहिणं हे मात्र कुठल्याही परिस्थितीत खोटंच. आणि एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगेन. हिशेबाच्या कामात धैर्य फार मोठं लागत नाही, पण ते लवकर लागतं. महिन्याच्या मध्यावर शांतपणे सांगितलेलं "नाही" मालक ऐकून घेतात. तेच "नाही" 31 मार्चच्या रात्री नऊ वाजता सांगितलं की दगा वाटतो.

पाळकांनी दिलेलं वचन बरोबर आहे, अध्याय पुढे वाचायला हवा. रोमकरांस 13 मधला "अधिकारी" हा राज्यकर्ता आहे, कारखान्याचा मालक नव्हे. आणि सहाव्या-सातव्या वचनांत पौल सरळ सांगतो की ज्याला कर द्यायचा त्याला तो द्या. म्हणजे ज्या अध्यायाच्या आधारे तुम्हाला गप्प राहायला सांगितलं, तोच अध्याय खोट्या बिलाच्या विरुद्ध उभा आहे. हे पाळकांना नम्रपणे दाखवा. त्यांना इनपुट क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट) कसं चालतं हे माहीत असण्याचं कारण नाही. "साहेबांनी एक काम सांगितलंय, मला पटत नाही" एवढंच त्यांच्या कानावर गेलं असेल.

मित्राचा सल्ला ऐकायला शूर वाटतो, पण शास्त्रात तो क्वचित दिला गेलाय. जकातदार आणि शिपाई बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे आले तेव्हा नोकरी सोडा असं तो म्हणाला नाही. ठरवून दिलंय त्याहून जास्त घेऊ नका, कोणाला नाडू नका, आपल्या पगारात समाधानी राहा, असं म्हणाला. ओबद्या अहाब राजाच्या घरचा कारभारी होता आणि त्याच पदावर राहून त्याने शंभर संदेष्टे पन्नास-पन्नास करून गुहांत लपवले. वाईट घरात काम करणं आणि वाईट काम करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तुमच्यासाठी सगळ्यात उपयोगाचा आहे दानीएलाचा पहिला अध्याय. सिंहांचा खड्डा सगळ्यांना आठवतो, पण तो सहाव्या अध्यायात येतो. पहिल्यात काय घडतं ते बघा. त्याने आधी मनाशी ठरवलं. मग वरच्या अधिकाऱ्याला विनंती केली. त्या अधिकाऱ्याला स्वतःच्या मानेची भीती होती, ती दानीएलाने समजून घेतली. मग खालच्या कारभाऱ्याकडे जाऊन पर्याय ठेवला, शाकभाजी आणि पाणी, आणि मुदत घातली दहा दिवसांची. नकार, समोरच्याच्या अडचणीची जाण, पर्याय, मुदत. तुमच्या मालकांशी बोलताना हाच क्रम कामाला येतो.

पण आधी आपण नाही कशाला म्हणतोय ते नेमकं समजून घ्या, नाहीतर बोलताना पाय घसरतो. चार लाखांची ही दोन बिलं काय करतात? 72,000 चं इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणजे तेवढा जीएसटी कमी भरावा लागतो. नफा चार लाखांनी कमी दिसतो. 22 टक्क्यांचा दर घेतलेल्या कंपनीत अधिभार आणि उपकर धरून आयकर 25.17 टक्क्यांच्या आसपास पडतो, म्हणजे तिथे सुमारे एक लाख वाचतात. बँकेतून 4,72,000 जातात आणि बिल देणारा आपला वाटा कापून उरलेली रोख हातात परत देतो. त्या रोखीचा हिशेब कुठेच नसतो. आज 15,000 वेल्फेअरमध्ये दडवायला सांगतायत, उद्या ते याच रोखीतून जातील. तुमच्यापुढच्या दोन मागण्या मुळात एकच आहेत.

बिघडतं कुठे? माल आल्याशिवाय क्रेडिट घेता येत नाही, ही जीएसटी कायद्याची मूळ अट आहे. मालाशिवाय बिल वापरलं तर दंड 10,000 किंवा क्रेडिटइतका, यातला जो जास्त तो. मदत करणाऱ्यावर वेगळा 25,000 पर्यंत दंड बसू शकतो, आणि ते मदत करणारे म्हणजे तुम्ही. रक्कम कोटीच्या घरात गेली की कैदेची कलमं लागतात. आयकरात वहीतल्या खोट्या नोंदीला त्या नोंदीच्या रकमेइतका दंड आहे, आणि ती नोंद करायला लावणाऱ्यालाही तो लागू होतो.

पकडतात कसं? हिशेब तपासताना मी बिलाआधी गेटचं रजिस्टर मागतो. दोन लाखांच्या मालाला ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन दाखला) लागतंच; राज्यांतर्गत मालासाठी महाराष्ट्रात मर्यादा एक लाखाची आहे. ई-वे बिलावर गाडीचा नंबर असतो. ती गाडी गेटवर नोंदलेली हवी, काटा पावती हवी, स्टोअरची आवक नोंद हवी, आणि पुढे तो माल उत्पादनात गेलेला दिसायला हवा. खोट्या बिलात यातली एकतरी कडी तुटलेली असते. बिल खरं दिसतं, कागद गुळगुळीत असतो, पण त्याला ट्रकचा वास नसतो.

दुसरी गोष्ट त्याहून जवळची. 1 एप्रिल 2023 पासून प्रत्येक कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग बंधनकारक आहे आणि तो बंद करता येत नाही. तुम्ही टॅलीत बिल चढवलं की व्हाउचरवर तारीख दिसेल 18 फेब्रुवारी. पण लॉग उघडला की दिसेल, तयार केलं 27 मार्चला, संध्याकाळी पावणेसातला, आणि पुढे युजर म्हणून तुमचं नाव. मालकांच्या मुलाचं नाव तिथे कुठेच नाही. (उशिरा हाती आलेलं खरं बिल मार्चमध्ये चढवण्यात काही गैर नाही. ते रोज घडतं, त्याने मन खाऊ देऊ नका.) म्हणून आजच्या आज पासवर्ड बदला आणि तो कोणालाही देऊ नका. "मी सुट्टीवर असताना लागतो" असं कोणी म्हणालं तर त्यांचा वेगळा आयडी तयार करून द्या. तुमच्या आयडीखाली दुसऱ्याने केलेली नोंद तुमचीच धरली जाते.

आता हद्द. मी ती अशी आखतो: जे माझ्या हाताने लिहिलं जातं, माझ्या आयडीने चढतं, माझ्या सहीने जातं किंवा माझ्या तोंडून ऑडिटरला सांगितलं जातं, ते खरं असलंच पाहिजे. मालक स्वतः त्यांच्या आयडीने काय करतात, कॅबिनमध्ये काय ठरवतात, यावर तुमचा ताबा नाही आणि त्याचा हिशेब तुमच्याकडे मागितला जाणार नाही. पण ऑडिटरने थेट विचारलं, "हा माल आला होता का?", तर "मला माहीत नाही" हे उत्तर तुम्हाला देता येणार नाही, कारण तुम्हाला माहीत आहे.

बोलायचं कसं? एकटे असताना, दुपारच्या जेवणानंतर, दार लोटून. मुलाने सांगितलंय तर आधी मुलाशीच. थेट वडिलांकडे गेलात तर तो चुगली समजेल. शब्द साधे ठेवा. "दादा, या दोन बिलांचा माल आलेला नाही, त्यामुळे ती माझ्या आयडीवरून चढणार नाहीत. माल आला असेल आणि माझ्या नजरेतून सुटलं असेल, तर गेट एंट्री आणि काटा पावती द्या, दहा मिनिटांत करतो. कर कमी करायचाय हे मला कळतंय. मला शुक्रवारपर्यंत वेळ द्या, कायद्यात बसणारं जे निघेल त्याची यादी घेऊन येतो." एवढंच. मत्तयातलं "होय तर होय, नाही तर नाही" हे वचन मी इथे अक्षरशः घेतो. पाचवं वाक्य जोडलं की समजावणी सुरू होते, सहाव्याला धमकी वाटते.

यात नेहमी होणाऱ्या चुका सांगतो. पहिली म्हणजे "बघतो" म्हणणं. समोरच्याने ते होकार म्हणून ऐकलेलं असतं. दुसरी, सहकाऱ्यांना आधी सांगणं. संध्याकाळपर्यंत ते कॅबिनमध्ये पोचतं आणि मग मालकांना स्वतःची लाज राखायला तुमच्यावर चढावंच लागतं. तिसरी, पुरावा म्हणून लेजर पेन ड्राइव्हवर घरी नेणं. ते कंपनीचं आहे, ती चोरी होईल आणि तुमची बाजू तिथेच पडेल. हवी तर स्वतःच्या वहीत चार ओळी लिहा: तारीख, कोणी काय सांगितलं, मी काय उत्तर दिलं. बोलणं झाल्यावर एक छोटा मेल टाका: "आज बोलल्याप्रमाणे, अमुक दोन बिलांच्या आवकेची कागदपत्रं मिळाली की नोंद करतो." त्यात आरोप नाही, फक्त सत्य आहे.

"मी ख्रिस्ती आहे म्हणून करणार नाही" असं म्हणावं का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेल. माझं मत, पहिल्या वाक्यात म्हणू नका. म्हटलंत तर ती तुमची वैयक्तिक सवलत होते, उपवासासारखी, आणि बिलं शेजारच्या टेबलावरच्या पोराकडे सरकतात. नोंद खोटी आहे हे कारण तुमच्याइतकंच त्या पोरालाही लागू पडतं. मात्र "तुला एवढं काय झालंय?" असं विचारलं गेलं, तर तिथे लपू नका. पेत्राने येशूला नाकारलं तेव्हा त्याला न्यायसभेने विचारलं नव्हतं, शेकोटीपाशी एका दासीने सहज विचारलं होतं. "माझा विश्वास मला हे करू देत नाही," एवढं सांगितलं तरी पुरे. पंडिता रमाबाईंनी शारदा सदन या आपल्या विधवांच्या आश्रमशाळेत हेच केलं. मुलींवर सक्ती नाही, पण स्वतःची प्रार्थना आणि शास्त्र दार लावून लपवायचंही नाही. 1893 मध्ये त्यांच्या सल्लागार मंडळाने राजीनामा दिला, अनेक मुली काढून नेल्या गेल्या. त्यांनी दार लावलं नाही, आणि सोडून गेलेल्यांबद्दल शांत राहिल्या.

शुक्रवारच्या यादीत काय न्यायचं? इथे तुमचं कसब दिसू द्या, कारण उपयोगी माणसाचा नकार मालक सहन करतात. सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांची थकबाकी आधी काढा. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवस आणि नसेल तर 15 दिवस, या मुदतीबाहेर राहिलेली रक्कम त्या वर्षी खर्च म्हणून मिळत नाही. मार्चअखेर ती चुकती केली तर बऱ्याच कारखान्यांत लाखांचा खर्च कायदेशीरपणे परत येतो. मग वर्षभरातलं सुटलेलं इनपुट क्रेडिट शोधा: पोर्टलवर दिसतंय पण आपण घेतलेलं नाही, असं. ते पुढच्या 30 नोव्हेंबरपर्यंत घेता येतं. बोनस, वीजबिल, ऑडिट फी यांची खरी तरतूद केलीय का ते पहा. मशीन येऊन पडलंय पण चालू केलेलं नाही, तर ते 31 मार्चआधी चालू करा. 180 दिवसांपेक्षा कमी वापर असला तरी निम्मा घसारा मिळतो. हे चार लाख भरून काढेलच असं नाही, पण मालकांच्या चिंतेला तुम्ही पाठ फिरवली नाही हे त्यांना दिसेल. ती दोन बिलं पोर्टलवर आली असतील, तर आयएमएसमध्ये (पोर्टलवर आलेली बिलं स्वीकारायची की नाही ते नोंदवायची सोय) ती नाकारायची की प्रलंबित ठेवायची हेही विचारून ठेवा. काहीच केलं नाही तर ती आपोआप स्वीकारलेली धरली जातात.

आता 15,000 चा प्रश्न. इथे दोन पापं आहेत, ती वेगळी करून बघा. एक, पैसे देणं. दुसरं, ते वेल्फेअर म्हणून लिहिणं. दुसऱ्याचं उत्तर सोपं: वेल्फेअरचं व्हाउचर तुम्ही करणार नाही. पहिल्याचं उत्तर मालकांनी द्यायचंय, पण त्यांना कायदा सांगणं तुमचं काम. 1988 च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 मध्ये बदल झाला आणि तेव्हापासून लाच देणाराही थेट गुन्हेगार आहे. सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बळजबरीने द्यावी लागली आणि सात दिवसांत तपास यंत्रणेला कळवलं, तर देणारा सुटतो. आधीच कळवून, सापळ्यासाठी दिली तरी गुन्हा नाही. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर 1064 आहे. मालक तिकडे जायला तयार नसतील, आणि बहुतेक नसतात, तर मधला सरळ रस्ता आहे. ते काम 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अधिसूचित आहे का बघा. असेल तर अर्जाची पोच घ्या, मुदत मोजा, मुदत टळली की पहिलं अपील, मग दुसरं. वेळ लागतो. दोन महिने लागतील तिथे लाचेने दोन दिवसांत झालं असतं, हेही मालकांना प्रामाणिकपणे सांगा. नाहीतर विसाव्या दिवशी ते तुमच्यावरच उखडतील. आणि ते पाकीट पोचवायला "तूच जा" म्हणाले, तर जाऊ नका. हात तुमचा आहे.

थोडं उलट बाजूनेही बोलतो, कारण कोवळ्या मनाची माणसं प्रत्येक नोंदीत पाप बघू लागतात आणि सहा महिन्यांत खचतात. अंदाजाने केलेली तरतूद खोटी नसते, ती अंदाज म्हणूनच लिहिलेली असते. एखादा खर्च भांडवली की चालू यावर दोन मतं असतील तर सीएंचं लेखी मत घ्या आणि निवांत झोपा. मालक सगळ्यात कडक मार्गाने कायदेशीर कर वाचवत असतील, तर ते कंजूष असतील, खोटे नाहीत. तुमची शक्ती खरोखर खोट्या गोष्टींसाठी राखून ठेवा. मात्र छोट्या खोट्याची सवय मोडा, कारण मोठा नकार तिथेच घडतो. "साहेब नाहीत म्हणून सांग," असं सांगितलं तर फोनवर म्हणा, "साहेब आत्ता बोलू शकत नाहीत, निरोप देतो." रोज तीन वेळा हे केलं की मालकांना आपोआप कळतं की हा माणूस खोटं बोलायला उपयोगी नाही, आणि मार्चमध्ये बिलं तुमच्या टेबलावर येणंच कमी होतं. तशीच घरभाड्याची खोटी पावती लावून स्वतःचा आयकर वाचवला असेल, तर मालकांशी बोलण्याआधी ती काढून टाका. जीभ तिथेच अडखळते.

गेल्या वर्षीच्या बिलाकडे येऊ. तीन लाखांवर 54,000 चं क्रेडिट घेतलं गेलं. प्रभूपुढे कबुली द्यायला तारीख लागत नाही, ती द्या. पण जकातदार जक्कयाने पश्चात्तापाबरोबर परतफेडीचा आकडाही सांगितला होता, चौपट. तुमच्या हातात पैसा नाही, दुरुस्तीचा प्रस्ताव आहे. नोटीस येण्याआधी कंपनीने स्वतःहून भरलं तर हिशेब असा: कर 54,000, वर्षाचं 18 टक्क्यांनी व्याज 9,720, दंड 15 टक्के म्हणजे 8,100. एकूण 71,820. नोटीस आल्यावर साठ दिवसांत भरलं तर तोच दंड 25 टक्के होतो, आदेशानंतर 50, आणि तेही चुकलं तर पूर्ण 100. भरणा डीआरसी-03 या जीएसटीच्या फॉर्मने होतो. त्या वर्षाचा नफाही वाढेल, त्यामुळे आयकराचं अद्ययावत विवरणपत्र भरायला लागेल. ते सीएंकडून मोजून घ्या. हा एक पानाचा तक्ता मालकांपुढे ठेवा आणि म्हणा, "गेल्या वर्षी ही नोंद मी केली, ती माझी चूक आहे. दुरुस्त करायला आत्ता सगळ्यात कमी खर्च येईल." "तुम्ही करायला लावलंत" हे वाक्य खरं असलं तरी तिथे बोलू नका. त्यांनी नाही म्हटलं तर निर्णय त्यांचा. तुम्ही सांगितलं, लिहून ठेवलं, आणि विचारलं गेलं तर खरं सांगाल. हे बायकोला आधी सांगा. मंडळीत साक्ष म्हणून कारखान्याच्या तपशिलासकट मांडू नका. ती दुसऱ्याची उघडी जखम होते.

घरची तयारी. सहा महिन्यांचा खर्च 38,000 ने 2,28,000 होतो. तेवढे नसतील तर निदान सहा हप्ते, 87,000, वेगळ्या खात्यात. पगाराची भीती कमी झाली की आवाज आपोआप शांत राहतो. तुम्हाला साडेचार वर्षं झालीत. पाच पूर्ण झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क येतो. मूळ पगार 18,000 धरला तर 18,000 गुणिले 15 भागिले 26 गुणिले 5, म्हणजे सुमारे 51,900. खरं काम करत राहून राजीनाम्याची तारीख त्यानुसार ठरवण्यात काही लबाडी नाही. ते 51,900 मिळावेत म्हणून या मार्चला बिलं चढवली, तर ती लबाडी. पुढच्या मुलाखतीत सोडण्याचं कारण विचारतील. "काही नोंदींच्या पद्धतीवर एकमत झालं नाही" एवढं सांगा; खरं आहे आणि कोणाची अब्रू जात नाही.

काही गोष्टी मात्र अशा आहेत की तारीख बघायची नाही, त्याच दिवशी थांबायचं. "तुझ्या खात्यावर पैसे टाकतो, काढून आणून दे." "तुझ्या आधार-पॅनवर एक फर्म काढू, तुला काही करायचं नाही." तुमची सही दुसऱ्याने मारली. अशा फर्मच्या नावावर फिरलेल्या कोट्यवधींची नोटीस नंतर भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कारकुनाच्या दारावर येते. बाहेर तक्रार करण्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. कोणाच्या जिवाला धोका असेल, भेसळ, ब्रेकचे निकृष्ट भाग, सांडपाणी, तर गप्प राहणं हाच गुन्हा. नुसत्या कराच्या प्रकरणात आधी आत सांगा, मग सोडा. पुढे जावंसं वाटलं तर वकिलाला भेटून जा, कारण खासगी नोकरीतल्या तक्रारदाराला आपल्याकडे कायद्याचं कवच फार पातळ आहे. तक्रारीची अंतर्गत यंत्रणा ठेवण्याची सक्ती शेअर बाजारात नोंदलेल्या आणि मोठ्या कर्जाच्या कंपन्यांवर आहे, तुमच्यासारख्या छोट्या कारखान्यावर नाही.

मंडळीचा हिशेब तुमच्याकडे आहे म्हणून हेही. जे कारखान्यात मागता ते दानपेटीलाही लावा. योवाश राजाच्या काळात मंदिराच्या पेटीतला पैसा राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघं मिळून मोजत. पौलाने यरुशलेमची वर्गणी एकट्याने नेली नाही, देवासमोर आणि माणसांसमोरही नीट दिसावं म्हणून बरोबर माणसं घेतली. म्हणून उपासनेनंतर वर्गणी दोघांनी मोजा, ते एका घरातले नकोत. नोटांची फोड एका चिठ्ठीवर, दोघांच्या सह्या, आणि सोमवारी जमलेली पूर्ण रक्कम बँकेत. फुलांचे आणि चहाचे पैसे त्यातून परस्पर काढू नका, त्यासाठी वेगळी किरकोळ रोख ठेवा. ज्येष्ठांपैकी कोणी "लिहू नका, नंतर देतो" म्हणालं, तर तिथेही तेच वाक्य: "पावती द्या, दहा मिनिटांत करतो." आपल्याच लोकांना नाही म्हणणं मालकांना म्हणण्यापेक्षा जड जातं, आणि सराव तिथेच चांगला होतो.

आता पाळकांकडे परत जा, पण या वेळी सल्ला मागायला नको, नेमकी विनंती घेऊन. मालकांशी बोलणार तो दिवस आणि वेळ त्यांना सांगा, त्या वेळी त्यांनी प्रार्थनेत राहावं, आणि नोकरी गेलीच तर पहिले दोन हप्ते मंडळीच्या मदतनिधीतून उसने मिळतील का ते लेखी विचारा. पंचांच्या बैठकीआधी अर्ज द्या, म्हणजे मार्च संपण्याआधी उत्तर मिळेल.